बारा व्होल्टचा बर्डी फेडरवर कसा आणायचा

एकांकिकेच्या सामानात ओंजळीत मावेल एवढा एक दिवा असतो. त्याचं नाव बर्डी. आत १२ व्होल्ट, ५० वॉटचा एमआर१६ हॅलोजन. (यातले १६ म्हणजे इंचाचे सोळा अष्टमांश, म्हणजे दोन इंच व्यास.) नाव गोल्फमधून आलंय. मोठ्या दिव्याला पार म्हणतात, आणि गोल्फमध्ये पारपेक्षा एक फटका कमी लागला की तो बर्डी. टेबलाखाली, पायरीच्या कडेला, देवघराच्या कोनाड्यात हा कुठेही लपतो, आणि नटाच्या चेहऱ्यावर खालून असा उजेड टाकतो की वरचे दहा दिवे फिके वाटावेत.

अडचण एकच. त्याच्यामागे ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे बहुतेक ग्रुप त्याला डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) न घेता सरळ चालू-बंद करतात. थिएटरचा २३० व्होल्टचा डिमर ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावून बघितला, तर दोन-तीन किलोवॉटसाठी बनवलेला तो डिमर ५० वॉटच्या लोडला धड जुमानत नाही. दिवा थरथरतो. मग जुनेजाणते विंगेत २०० वॉटचा एखादा बल्ब समांतर लटकवून ठेवतात, 'घोस्ट लोड' म्हणून. चालतं, पण तो बल्ब कुठेतरी झाकून ठेवावा लागतो. शिवाय तो डिमर एसीच्या लहरीचं प्रत्येक अर्धचक्र कापून उजेड कमी करतो, आणि दोन्ही अर्धचक्रांचा काप थोडा जरी असमान झाला, तरी ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी शिरतो, तो गुरगुरतो आणि तापतो.

म्हणून आपण डिमिंग १२ व्होल्टच्या बाजूला करू, आणि त्यावर ताबा ठेवू शून्य ते दहा व्होल्टच्या फेडरने, म्हणजे वर-खाली सरकवायच्या खुंटीने. तुम्हाला सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर एखादा एलईडी लुकलुकवून झाला असेल, तर एवढी तयारी पुरे. २३० व्होल्टच्या बाजूला आपण काहीही उघडणार नाही. तयार, बंद डब्यातला ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, त्याची तीन पिनांची पिन लावायची, बस.

आधी ट्रान्सफॉर्मर हातात घ्या

खरंच हातात घ्या, कारण निम्मी परीक्षा वजनानेच होते. लोखंड-तांब्याचा, वाइंडिंगचा ५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर किलोभराच्या आसपास भरतो. काडेपेटीहून थोडा मोठा, हलका, प्लॅस्टिकच्या डबीतला आणि वर '२० ते ६० वॉट' असं काही लिहिलेला असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. त्याच्यातून निघतात तेही '१२ व्होल्ट एसी'च, पण सेकंदाला ५० वेळा नव्हे, काही दहा हजार वेळा उलटणारे. आपलं सर्किट त्याच्यावर चालणार नाही. त्याचं डिमिंग २३० व्होल्टच्या बाजूनेच करावं लागतं, तेही त्यासाठी बनवलेल्या डिमरने.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका रंगीत तालमीच्या आदल्या रात्री मी हलक्या डबीपुढे ट्रायॅकचं (एसी चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) मॉड्यूल लावलं. दिवा पूर्ण पेटला आणि फेडर कुठेही नेला तरी पूर्णच राहिला. ट्रायॅक एकदा चालू झाला की प्रवाह शून्यावर येऊन थोडा वेळ थांबेपर्यंत बंद होत नाही, आणि इतक्या वेगाने उलटणारा प्रवाह त्याला तेवढी उसंत देतच नाही. मी मात्र पहाटेपर्यंत मॉड्यूललाच शिव्या घालत दोन ट्रायॅक बदलले.

तर वजनदार ट्रान्सफॉर्मर घ्या. एका दिव्याला एक. याचं कारण पुढे येईल. आणि दिवाही खरा हॅलोजन हवा. एमआर१६ आकाराच्या एलईडीच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं. आपण कापलेली लहर त्याला कळत नाही, आणि त्याला काय वाटेल ते तो करतो.

एका व्होल्टची किंमत

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २३० व्होल्टवर सव्वा व्होल्ट वाया गेला तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टवर तोच सव्वा व्होल्ट म्हणजे दहा टक्के. आणि फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण त्याच्या ३.४ व्या घाताने पडतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की उजेड तीस टक्क्यांनी कमी. व्होल्टेज निम्मं केलं तर उजेड दहा टक्केही उरत नाही. मिरर बॉलवर मारायचा ६ व्होल्टचा पिनस्पॉट असेल तर हाल आणखी वाईट. तिथे १.२ व्होल्ट गेले की निम्म्याहून जास्त उजेड गेला.

आता बाजारातले तीन मार्ग या तराजूत टाकून बघा.

पहिला, ट्रायॅक. स्वतःवर सव्वा ते दीड व्होल्ट ठेवून घेतो. फेडर पूर्ण वर असतानाही तीसेक टक्के उजेड गेला.

दुसरा, ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि त्याच्यापुढे एक मॉस्फेट, म्हणजे 'गेट' या पायावर व्होल्टेज दिलं की उघडणारा ट्रान्झिस्टर. फिलामेंटला एसी-डीसीचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे हे चालतं आणि जोडायलाही सगळ्यात सोपं. पण ब्रिजमध्ये प्रवाह नेहमी दोन डायोडमधून जातो. साधे डायोड मिळून पावणेदोन-दोन व्होल्ट खातात, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या पुढे उजेड गेला. शॉट्की डायोड वापरले तर नुकसान निम्म्यावर येतं.

तिसरा, पाठीला पाठ लावलेले दोन मॉस्फेट. आयआरएलझेड ४४एन हा मॉस्फेट ५ व्होल्टच्या गेटवर साधारण २५ मिलिओहमचा असतो. दोन मिळून ५० मिलिओहम. ५० वॉटच्या दिव्याचा प्रवाह ४.२ अँपिअर. गुणाकार करा, ०.२१ व्होल्ट. उजेड पाच-सहा टक्क्यांनी कमी, म्हणजे डोळ्याला शून्य.

आपण तिसरा मार्ग घेऊ. त्यात एक मॉस्फेट जास्त लागतो, पण उजेड वाचतो.

हाच हिशोब वायरलाही लागू आहे, आणि इथेच फेडरच्या सिग्नलचं मोल कळतं. ट्रान्सफॉर्मर विंगेत ठेवून १ चौरस मिलिमीटरच्या वायरने १० मीटरवरच्या बर्डीला १२ व्होल्ट नेले, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं झालं. त्यात दीड व्होल्ट जातो आणि उजेडाचा तिसरा हिस्सा वायर गरम करण्यात संपतो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तरी सहा दशांश व्होल्ट जातोच. उलट शून्य ते दहा व्होल्टच्या सिग्नलमध्ये प्रवाह असतो मिलिअँपिअरचा दहावा भाग. तो बारीक वायरीने ३० मीटर नेला तरी काही हरवत नाही. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि डिमरची डबी दिव्याच्या बुडाशी ठेवा, लांब न्यायची ती सिग्नलची वायर. ती शील्डवाली घ्या आणि मेन्सच्या केबलला गुंडाळून नेऊ नका.

सामान

पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. एका फेरीत सगळं मिळतं.

दोन आयआरएलझेड ४४एन. नावातला 'एल' बघून घ्या. आयआरएफझेड ४४एन हा त्याचा भाऊ दिसायला हुबेहूब तसाच, पण त्याला गेटवर १० व्होल्ट लागतात आणि आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडून नुसता तापतो. दुकानदार 'एकच आहे हो' म्हणेल. एकच नाही.

पीसी८१४ हा ऑप्टोकपलर, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडाने पलीकडचा ट्रान्झिस्टर उघडणारा. याच्या आत दोन एलईडी उलटसुलट जोडलेले असतात, त्यामुळे त्याला एसी चालतो. जास्त खपणारा पीसी८१७ एकाच एलईडीचा असतो, तो नको. आर्डुइनो नॅनो. आर्डुइनो आणि फेडरसाठी १२ व्होल्ट डीसीचा अॅडॉप्टर, अर्धा अँपिअर पुरे. पी६केई३३सीए हा दोन्ही बाजूंनी चालणारा, व्होल्टेजची उसळी दाबणारा टीव्हीएस डायोड. रेझिस्टर: २२० ओहम, १.५ के, २.२ के, ४७ के, ५६ के प्रत्येकी एक, १० के तीन. १०० नॅनोफॅरॅडचा एक कपॅसिटर. १० केचा लिनियर स्लाइड पॉट (सरकवून बदलता येणारा रेझिस्टर), हाच आपला फेडर. ६.३ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि त्याचा होल्डर. आणि चाचणीसाठी गाड्यांच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब. पहिल्या दिवशी महागडा बर्डी लावण्याची हौस नको.

सिग्नल दोन जातींचा असतो

'शून्य ते दहा व्होल्ट' या एका नावाखाली दोन वेगळ्या पद्धती नांदतात, आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

नाटकातली पद्धत अशी: व्होल्टेज फेडर पुरवतो, डिमर फक्त वाचतो. १९८६ मध्ये डीएमएक्स५१२ ही एकाच केबलवरून अनेक डिमर चालवणारी डिजिटल पद्धत आली, तिच्याआधी लाइट डेस्कवरून प्रत्येक डिमरला एक स्वतंत्र वायर जायची आणि तिच्यावर हेच शून्य ते दहा व्होल्ट असायचे. (जुन्या ब्रिटिश डेस्कवर उणे दहा असायचे. भंगारात तसला डेस्क मिळाला तर आधी मीटर लावून बघा.)

इमारतींच्या दिव्यांची पद्धत उलटी. तिला काटेकोर बोलायचं तर एक ते दहा व्होल्ट म्हणतात. तिथे व्होल्टेज दिव्याचा ड्रायव्हर पुरवतो आणि भिंतीवरचा डिमर ते फक्त खाली खेचतो. असा भिंतीवरचा डिमर टेबलावर ठेवून मीटर लावला तर शून्य दाखवणार, आणि तुम्ही तो खराब समजून परत करायला निघणार.

आपला स्वतःचा फेडर पहिल्या जातीचा. अॅडॉप्टरच्या १२ व्होल्टला २.२ के जोडा, त्याचं दुसरं टोक पॉटच्या वरच्या पायाला, पॉटचा खालचा पाय ग्राउंडला. मधल्या पायावर शून्य ते ९.८ व्होल्ट मिळतात. दहा नाहीत म्हणून खंत करू नका, उरलेलं प्रोग्रॅममध्ये सांभाळू.

आर्डुइनोच्या पिनला मात्र ५ व्होल्टच्या वर काही चालत नाही. म्हणून सिग्नल ५६ केमधून ए० पिनवर आणा आणि त्याच पिनवरून ४७ के ग्राउंडला टाका. दहा व्होल्टचे ४.५६ व्होल्ट होतात, म्हणजे वाचन सुमारे ९३३. पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरॅड. ५६ के हा तुमचा अंगरक्षकही आहे. कुणी चुकून २४ व्होल्ट किंवा ते उणे दहा जोडले तरी पिनमध्ये अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी प्रवाह शिरतो आणि बोर्ड वाचतो.

भिंतीवरचा डिमर वापरायचाच असेल तर १२ व्होल्टवरून १० केने सिग्नलची वायर वर ओढून ठेवा. डिमर ती हवी तेवढी खाली खेचेल. हा १० के जंपरवर घेतला तर एकच डबी दोन्ही जातींना चालते. नाटकातल्या फेडरसाठी मात्र तो जंपर काढलेला हवा.

दोन मॉस्फेट पाठीला पाठ

एकच मॉस्फेट एसीत चालत नाही, कारण त्याच्या पोटात उलट दिशेने वाहणारा एक डायोड जन्मजात असतो. एका अर्धचक्रात तो तुमचं ऐकतो, दुसऱ्यात तो डायोड परस्पर प्रवाह सोडून देतो. मॉस्फेटला गेटशिवाय आणखी दोन पाय असतात, सोर्स आणि ड्रेन. दोन मॉस्फेटचे सोर्स एकमेकांना जोडले की त्यांचे पोटातले डायोड समोरासमोर येतात आणि एकमेकांची वाट अडवतात.

जोडणी अशी. दोन्ही सोर्स एकत्र. हाच बिंदू सगळ्या सर्किटचं ग्राउंड: आर्डुइनोचं, अॅडॉप्टरच्या निगेटिव्हचं, फेडरचं. दोन्ही गेट एकत्र, तिथून २२० ओहम आर्डुइनोच्या डी९ पिनला आणि १० के ग्राउंडला. हा १० के विसरू नका. आर्डुइनो सुरू होताना त्याची पिन क्षणभर बेवारस असते, तेव्हा गेटला खाली धरून ठेवायचं काम याचं. एका मॉस्फेटचा ड्रेन दिव्याच्या एका टोकाला, दिव्याचं दुसरं टोक फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या एका वायरला. दुसऱ्या मॉस्फेटचा ड्रेन ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वायरला. टीव्हीएस दोन ड्रेनच्या मध्ये. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून येणाऱ्या व्होल्टेजच्या क्षणिक उसळ्या तो ४५ व्होल्टच्या आसपास दाबतो आणि आपले मॉस्फेट ५५ व्होल्टचे आहेत.

हे जमतं कारण ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची बाजू अधांतरी असते, कशालाच बांधलेली नसते. म्हणून तिचं कुठलंही टोक अर्थला जोडू नका. आणि एका ट्रान्सफॉर्मरवर असे दोन डिमर लावून त्यांची ग्राउंड एकत्र करू नका. पहिला दिवा वर नेला की दुसऱ्याचं अर्धं चक्र पोटातल्या डायोडमधून आपोआप पेटतं. एका दिव्याला एक ट्रान्सफॉर्मर म्हटलं ते यासाठी.

मॉस्फेट किती तापेल? ४.२ चा वर्ग गुणिले ०.०२५, म्हणजे प्रत्येकी अर्ध्या वॉटच्याही आत. हीटसिंक नसली तरी भागतं. डबी बंद असेल तर पत्र्याचा छोटा तुकडा लावा, पण दोघांना वेगवेगळा, कारण मागची धातूची पट्टी ड्रेनला जोडलेली असते.

लहर कुठून कापायची

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. एक अर्धचक्र १० मिलिसेकंदांचं. प्रत्येक अर्धचक्राच्या सुरुवातीला थोडं थांबायचं, मग मॉस्फेट उघडायचा आणि अर्धचक्र संपताना बंद करायचा. जितकं जास्त थांबाल तितका दिवा मंद. कंदिलाची वात खाली-वर करावी तसंच, फक्त सेकंदाला शंभर वेळा.

त्यासाठी शून्य कधी आलं ते कळायला हवं. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरींवर १.५ केमधून पीसी८१४ चे एलईडीचे दोन पाय जोडा. १२ व्होल्टचं शिखर १७ व्होल्टचं, त्यामुळे एलईडीतून दहा मिलिअँपिअर जातात, ठीक. दुसऱ्या बाजूला एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आर्डुइनोच्या डी२ ला आणि तिथून १० के ५ व्होल्टला. लहर शून्याजवळ आली की एलईडी विझतो आणि डी२ वर उंच पल्स येतो. गंमत अशी की एलईडी शून्याच्या थोडा आधीच विझतो, त्यामुळे पल्सची कड खऱ्या शून्याच्या साधारण अर्धा मिलिसेकंद आधी येते. हे लक्षात ठेवून वेळेत तेवढे मिळवायचे.

प्रोग्रॅमचा सांगाडा शब्दांत सांगतो.

डी२ वर इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लगेच चालणारा कोड) लावा, पल्स चढताना लागणारा. तो आला की डी९ खाली आणा आणि टायमर१ शून्यापासून सुरू करा. टायमरला प्रीस्केलर ८ द्या, म्हणजे एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाची आणि १० मिलिसेकंदांच्या २०,००० टिक. ठरलेली टिक आली की टायमरचा इंटरप्ट डी९ वर उचलेल. इथे डिले फंक्शन वापरू नका. वेळेत जराशी जरी डळमळ झाली तरी मंद उजेडात ती लुकलुकल्यासारखी दिसते.

मुख्य लूपमध्ये ए० सोळा वेळा वाचून सरासरी घ्या. वाचन ३० च्या खाली असेल तर दिवा पूर्ण बंद, आणि परत चालू व्हायला ५० ओलांडावं लागेल असं ठेवा, नाहीतर काठावर तो फडफडेल. ९०० च्या वर असेल तर गेट कायम उंच ठेवा. ट्रायॅकला हे जमत नाही, मॉस्फेटला जमतं, आणि फेडरमध्ये कमी पडलेले ते ०.२ व्होल्ट इथे भरून निघतात. मधल्या वाचनाला कडेपासून ९ मिलिसेकंद ते २ मिलिसेकंद असं सरळ रेषेत बसवा.

सरळ रेषा चालेल का, असा प्रश्न पडला तर हिशोब बघा. शून्यापासून ३ मिलिसेकंद थांबलं तर उजेड सुमारे ७६ टक्के, ५ ला ३० टक्के, ७ ला ४ टक्के, ८ ला नुसती लाली. प्रकाशमापकाला हे वाकडं वाटेल. पण आपला डोळाही सरळ मोजत नाही, ३० टक्के उजेड त्याला निम्म्यासारखा वाटतो. त्यामुळे फेडर मध्यावर आणला की दिवाही 'मध्यावर' आल्यासारखा वाटतो. दोन वाकडेपण एकमेकांना सावरून घेतात. मी पूर्वी यासाठी शंभर आकड्यांचा तक्ता केला होता, तो फेकून दिला.

दोन कुंपणं मात्र हवीतच. कडेपासून ९ मिलिसेकंदांच्या पुढे कधीच जाऊ नका. तिथे मॉस्फेट उघडायला जरा उशीर झाला तर तो पुढच्या अर्धचक्रात उघडतो, आणि मंद दिवा एकदम भडकतो. आणि २५ मिलिसेकंदांत एकही पल्स आला नाही तर गेट खाली.

पहिल्यांदा चालू करताना

क्रम मोडू नका. ट्रान्सफॉर्मर न लावता फक्त अॅडॉप्टर द्या. फेडर हलवून ए० चं वाचन शून्यापासून ९१५ च्या आसपास जातंय ना बघा. मग दिवा न लावता ट्रान्सफॉर्मर द्या आणि पल्स मोजा. सेकंदाला १०० यायला हवेत. ५० आले तर तुम्हाला पीसी८१७ दिलाय. मग इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. तो लोण्यासारखा वर-खाली होऊ लागला की दहा मिनिटं चालू ठेवा आणि वीज बंद करून मॉस्फेटला बोट लावा. कोमट असेल तर बर्डी लावा.

कापलेल्या लहरीवर साधा मल्टिमीटर खोटं बोलतो. ट्रू आरएमएस मीटर (कुठल्याही आकाराची लहर बरोबर मोजणारा) नसेल तर आकड्यावरून वाद घालू नका.

हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटाचं तेल त्या तापमानाला काचेत भाजलं जातं आणि तिथेच ती फुटते. पुढे काच असलेला एमआर१६ असेल तर काळजी थोडी कमी.

बिघडलं तर

फेडर शून्यावर, तरी दिवा तिसरा हिस्सा पेटलेला आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरतोय: एक मॉस्फेट मेलाय, किंवा एकाचे ड्रेन-सोर्स उलटे लागलेत. एक अर्धचक्र सतत वाहतंय. लगेच बंद करा, असं चालत राहिलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल.

फेडर वर नेला की दिवा मंद होतो: वेळ उलटी बसवली. हे सगळ्यांचंच होतं.

दिवा अधूनमधून डोळा मारतो: बहुधा सिग्नलची वायर मेन्सला चिकटून आलीय, किंवा शील्ड जोडलेलं नाही. शील्ड डबीच्या ग्राउंडला एकाच टोकाला जोडा.

पेटताना फ्यूज जातो: पुढे वाचा.

थंड फिलामेंट

पेटलेल्या बर्डीचा रेझिस्टन्स २.९ ओहम. थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे अंधारातून एकदम पूर्ण उजेड मागितला की पहिल्या क्षणी चार नव्हे, चाळीस अँपिअर मागितले जातात. वाइंडिंग आणि वायर त्यातले जेवढे अडवतील तेवढे अडवतात, बाकी फिलामेंट सोसतो. दिवे बहुतेक पेटतानाच जातात, ते यामुळे.

उपाय प्रोग्रॅममध्ये. फेडर कितीही झटकन वर नेला तरी उजेडाला खालून वर जायला किमान ०.३ सेकंद लागेल अशी वेळ बांधून टाका. प्रेक्षकाला तो झटकाच वाटतो, कारण फिलामेंट तसाही सुस्त असतो. खऱ्या ब्लॅकआउटनंतर पटकन यायचा दिवा असेल तर आदल्या प्रसंगात त्याला शून्यापासून ८ मिलिसेकंदांवर, लाल डोळ्याइतकं, तापवून ठेवा. रंगमंचावर बाकी उजेड असताना ते कुणाला दिसत नाही.

अख्खा प्रयोग तो मंदच ठेवायचा असेल, तर आणखी एक खोड माहीत असू द्या. हॅलोजनची काच २५० अंशांच्या आसपास तापली तरच आतला वायू उडालेलं टंगस्टन फिलामेंटवर परत नेतो. सतत मंद ठेवलेला दिवा आतून काळवंडू शकतो. तालमीनंतर सामान आवरायच्या आधी त्याला पाच-दहा मिनिटं पूर्ण पेटवून ठेवा.

राहिला आवाज. लहर मध्येच उघडली की फिलामेंट शंभर हर्ट्झला गुणगुणतो, सगळ्यात जास्त फेडर मध्यावर असताना. गेटवरचा २२० ओहम मॉस्फेटला जरा सावकाश उघडतो, पण तेवढ्याने ते जात नाही. पार्श्वसंगीत असेल तर विसरून जा. पण तुमच्या एकांकिकेत लांब शांतता असेल आणि बर्डी पहिल्या रांगेपासून दोन हातांवर असेल, तर त्या प्रसंगात फेडर मध्यावर ठेवू नका. दिवा पूर्ण वर न्या आणि पुढे जाड जेल (दिव्यापुढे लावायचा पारदर्शक फिल्टर) लावून उजेड कमी करा.